हिरवळ राखणारे हात

दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या मंडळाने दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा सत्कार केला. डिलाईल रोडवरची आमची जुनी चाळ पुनर्विकासात गेली, माणसे चार दिशांना पांगली, पण या एका दिवशी सगळे झाडून एकत्र येतात. फॉर्म भरून घेण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे. आम्ही पडलो कारकून. रकाना रिकामा दिसला की आमचा हात पुढे सरकत नाही. नाव, शाळा, टक्केवारी, आणि त्याखाली 'वडिलांचा व्यवसाय'. यंदा एका मुलाने नेमका तोच रकाना मोकळा सोडला होता.

मुलगा हुशार. बारावी कॉमर्स, चांगल्या मार्कांनी पास. आम्ही विचारले, "काय रे, वडील काय करतात?"

"आहेत कामाला."

"कुठे?"

"गोल्फच्या ग्राउंडवर. काँट्रॅक्टरकडे."

"मग लिही की तसं."

तो खाली मान घालून म्हणाला, "काका, स्टेजवर वाचून दाखवतात. गवत कापतात असं कसं लिहू? तुम्ही नुसतं 'सर्व्हिस' लिहा ना."

आम्ही पेन खाली ठेवले. त्याला रागावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. १९९८ साली बी. कॉम.च्या प्रवेशाचा फॉर्म भरताना आम्हीही हेच केले होते. वडिलांचा व्यवसाय : नोकरी. काय नोकरी, कुठे, हे लिहिले नाही, कारण आमचे आप्पाही गोल्फच्या मैदानावर गवतच राखत होते.

आप्पा मूळचे गिरणीतले. साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आमच्या चाळीतल्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्या घरातही पुन्हा गिरणीचा पगार आला नाही. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे. आईने भाजी विकली, आप्पांनी मिळेल ते काम केले. १९८४ मध्ये कोणाच्या तरी ओळखीने शहरातल्या एका क्लबच्या गोल्फ मैदानावर रोजंदारी मिळाली. क्लबचे नाव येथे घेत नाही, कारण सांगायचे आहे ते कामाविषयी.

पहिल्या दिवशी आप्पा घरी आले ते गप्पच. आईने विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, "गावाला दुसऱ्याच्या रानातली हरळी खणून खणून बापाची पाठ मोडली. ते सगळं सोडून मुंबईला आलो, आणि इथंही हातात खुरपंच आलं." आपल्या माणसांना या बोलण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. गावकीची कामे सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपल्या आज्या-आजोबांनी ते उपाशी राहून पाळले. त्यामुळे मातीत वाकून करायचे काम पुन्हा वाट्याला आले की जुनी सल वर येते.

पण पंधरा दिवसांनी आप्पा हसत हसत घरी आले. म्हणाले, "अगं, तिथं हरळी लावतात! पाणी घालून, खत घालून वाढवतात. आणि तिला बर्म्युडा म्हणतात!" ते खरेच आहे. शेतकरी जिला रानातून हद्दपार करू पाहतो ती आपली हरळी, आणि गोल्फच्या मैदानावरचे बर्म्युडा गवत, ही एकाच कुळातली. मैदानावरच्या जाती निवडून, संकर करून बारीक केलेल्या असतात एवढाच फरक. जमिनीवर धावणाऱ्या वेली, पेरापेराला मूळ, तुडवली तरी पुन्हा उठणारी. तिचा जो गुण शेतात नडतो, तोच मैदानावर कामाला येतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फचे मैदान आतून पाहिलेले नसते. आमच्या डिलाईल रोडवरून चालत गेले तरी महालक्ष्मीचे रेसकोर्स लागते, ते १८८३ सालचे. त्याच्याजवळचा विलिंग्डन क्लब १९१८ सालचा. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नसे, त्या काळात दोघांनाही सभासद करून घेणारा क्लब म्हणून तो निघाला. चेंबूरचे गोल्फचे मैदान १९२७ पासूनचे. या सगळ्या हिरवळी आपण रस्त्यावरून, नाहीतर लोकलच्या खिडकीतून पाहतो, आणि वाटते की पाऊस पडतो, गवत उगवते, त्यात काय!

१९९० च्या मे महिन्यात आप्पा आम्हाला एकदा बरोबर घेऊन गेले. पहाटे साडेपाचला आम्ही मैदानावर होतो. आमची खोली १६० चौरस फुटांची, आणि समोर क्षितिजापर्यंत हिरवे. आप्पा म्हणाले, "चप्पल काढ." ज्या ठिकाणी भोक असते आणि चेंडू हळूच ढकलतात, त्या भागाला 'ग्रीन' म्हणतात. असे एकेक ग्रीन पाच-सहा हजार चौरस फुटांचे असते, म्हणजे आमच्या तीस-पस्तीस खोल्या बसतील एवढे. तिथले गवत तीन ते चार मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. काड्यापेटीतल्या दोन काड्या एकावर एक ठेवाव्यात, तेवढेच. पायाला ते गवत लागत नाही, सतरंजी लागते.

आप्पा आणि आणखी दोघे लांब बांबू घेऊन त्या ग्रीनवरून सावकाश फिरवत होते. आम्हाला वाटले, झाडताहेत. ते दव पाडत होते. पाती फार वेळ ओली राहिली की बुरशी धरते, म्हणून उन्हाच्या आधी दव झटकायचे. पाणीही पहाटेच द्यायचे, संध्याकाळी नाही, कारण रात्रभर ओल राहते. आणि द्यायचे ते खोल मुरेल असे. रोज थोडे थोडे शिंपडले तर मुळे वरच्या वरच राहतात आणि एका कडक उन्हात गवत मान टाकते.

मग आप्पांनी दुरुस्ती दाखवली. उंचावरून येणारा चेंडू ग्रीनवर आपटतो तेव्हा खळगा पडतो. आम्ही सहज म्हणालो, "खालून वर उचलायचं." आप्पांनी आमचा हात धरला. "उचललंस की मूळ तुटतं. मग तिथं पिवळा डाग पडतो. कडेनं दोन दातांचा काटा घालायचा आणि चारी बाजूंनी आत, मधल्या बाजूला ढकलायचं. मग वरून हलकं थापायचं." हे लगेच केले तर थोड्या दिवसांत जागा सांधते. तसेच राहिले तर बरेच दिवस व्रण दिसतो. खेळणाऱ्याने स्वतः करावे असा खेळाचा शिष्टाचार आहे, पण राहिलेले सगळे पहाटे आप्पांच्या वाट्याला.

दुसरी दुरुस्ती लांबच्या फटक्याची. काठी जमिनीला लागून गवताची ढलपी उडते. ती मुळांसकट असेल तर उचलून परत बसवायची आणि पायाने दाबायची. तिचे तुकडे झाले असतील तर खळग्यात वाळू भरायची, जमिनीशी सपाट. बाजूची हरळी आपल्या वेली त्या वाळूवर सोडते आणि जागा भरून काढते. खड्डा खोल राहिला तर वेल आत उतरून अडकते, वाळूचा उंचवटा झाला तर कापायच्या यंत्राचे पाते बोथट होते. हा अंदाज हाताला यायला वर्ष लागते, असे आप्पा सांगत.

तिसरे काम भोकाचे. ते सव्वाचार इंच रुंदीचे असते आणि एकाच जागी ठेवत नाहीत, नाहीतर भोवतालचे गवत पायांनी मरते. नव्या जागी साच्याने मातीचा गोल गठ्ठा काढायचा आणि तोच जुन्या भोकात बसवायचा. गठ्ठा केसभर वर राहिला तर यंत्र त्याला सोलते, खाली राहिला तर चेंडू अडखळतो. आप्पा गठ्ठा बसवला की डोळे मिटून तळहात फिरवून बघत. साच्यावर तुटलेली तार जोडताना गाठ लागू द्यायची नाही, ती सवय इथे उपयोगी पडली, असे ते म्हणत.

खरी परीक्षा पावसाळ्यात. मुंबईच्या पावसात मातीत पाणी ठरते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून पोकळ दातांच्या अवजाराने जमिनीला भोके पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढायच्या आणि भोकांत वाळू झाडून भरायची. चार दिवस मैदान देवीच्या व्रणांसारखे दिसते. पाहणारा म्हणतो, यांनी वाट लावली. पण त्यानेच ते जगते.

एका पावसाळ्यात कुठल्याशा सामन्यासाठी वरून हुकूम आला की ओल्यातच जड यंत्र फिरवा. आप्पा म्हणाले, "साहेब, दोन दिवस थांबा, जमीन दबेल." त्यांचे कोण ऐकतो! चाकांनी लांबच लांब चर पडले. मग तेच चर आप्पांच्या टोळीने तीन आठवडे दुरुस्त केले. गवताची लादी तीन बाजूंनी कापायची, वहीचे पान उलटावे तशी उलटायची, खालची दबलेली माती काट्याने मोकळी करायची, वाळू-मातीची भर घालायची, आणि पान पुन्हा मिटायचे. सांध्यात वाळू भरायची, पाणी द्यायचे, आणि पंधरा दिवस कोणाला पाय ठेवू द्यायचा नाही. जिथे गवत मेलेच असेल तिथे चौकोन कापून काढायचा आणि रोपवाटिकेतली नवी लादी घट्ट बसवायची. काम झाल्यावर शाबासकी मिळाली ती यंत्राचा हुकूम देणाऱ्याला.

आप्पांनी असे बावीस वर्षे केले. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे पहिल्या दिवशी 'मजूर' लिहिले आणि शेवटच्या दिवशीही 'मजूर'च होते. नवी पोरे आली की त्यांना शिकवायला आप्पा, पिवळा डाग कशाने पडला हे सांगायला आप्पा, पण कागदावर मजूर. २००६ मध्ये त्यांनी काम सोडले तेव्हा आम्ही अनुभवाच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून दिला. दाखला आला. 'मजूर म्हणून काम केले. वर्तणूक चांगली.' आप्पांनी तो वाचला, घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. काही बोलले नाहीत.

कचेरीत कागद हाताळणाऱ्याला हा शब्द किती महाग पडतो ते कळते. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे रकाने असतात. 'मजूर' लिहिले की माणूस आपोआप अकुशलमध्ये जातो, आणि त्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी, पुढची नोकरी सगळे त्या एका शब्दाच्या मागे जाते. तीन मिलिमीटरवर गवत जिवंत ठेवणारा हात अकुशल कसा? पण हा प्रश्न आम्ही त्या क्लबला विचारण्याआधी स्वतःला विचारायला हवा होता. आम्ही तरी फॉर्मवर काय लिहिले होते?

पुढे वाचनात दोन माणसे भेटली. पहिला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा टॉम मॉरिस. जन्म १८२१, मृत्यू १९०८. विणकराचा मुलगा. गोल्फची ब्रिटिश ओपन स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली, पण पोटापाण्याचा धंदा मैदान राखण्याचा. ग्रीनवर वाळू पसरून गवत सुधारण्याची रीत रूढ करण्याचे श्रेय त्याला देतात. त्या देशात या कामाला 'ग्रीनकीपर' असे मानाचे नाव आहे. विणकराचा मुलगा हे वाचून आम्हाला साचेखात्यातले आप्पा आठवले.

दुसरा माणूस आपल्या जवळचा, पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेले. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबावर खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम करीत, महिना तीन रुपयांवर. नंतर गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथे सरावाला साहेबांना चेंडू टाकता टाकता ते मोठे गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघात घेतले, पण चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुढे राजकारणात त्यांची वाट वेगळी झाली. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हेही आपण विसरत नाही. पण ज्या खेळपट्टीवर ते चमकले, ती ओळखायला ते शिकले रोलर ओढता ओढता, ही गोष्ट खरी राहते.

हे आम्ही आप्पांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे त्यानं जमीन आधी हातानं वाचली होती."

असो. त्या मुलाकडे परत येतो. फॉर्म आम्ही तसाच ठेवला आणि म्हणालो, "रविवारी वडिलांना घेऊन आमच्या घरी ये." रविवारी ते आले. वडील चाळिशी-पंचेचाळीसचे, संकोचलेले, दाराशीच उभे. "जयभीम, आप्पा," म्हणाले. आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत, साच्यांच्या आवाजाने कान कधीचे गेलेले. त्यांनी मोठ्याने विचारले, "लव्हाळा आहे का तुमच्याकडे?"

झाले! दोन तास आम्हाला कोणी विचारले नाही. लव्हाळा नुसता उपटला तर जमिनीतल्या गाठी राहतात आणि एकाचे चार होतात, तो कसा काढायचा. औषध मारताना वारा कुठून हवा. त्यांनी हळूच सांगितले की काँट्रॅक्टर हातमोजे देत नाही, फवारणीच्या रात्री हाताची आग होते. आप्पा म्हणाले, "मोजे मिळेपर्यंत फवाऱ्याला हात लावू नका. गवत पुन्हा येतं, हात येत नाही." मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. आपला बाप इतके बोलू शकतो, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळले असावे.

निघताना तो म्हणाला, "काका, फॉर्म द्या." त्याने स्वतः लिहिले : 'गोल्फ मैदानाची हिरवळ राखणे व दुरुस्त करणे.' रकान्यात मावेना, तर दुसरी ओळ समासात गेली. सत्काराच्या दिवशी ते जसेच्या तसे वाचले गेले. सभागृहात काही विशेष घडले नाही. टाळ्या सगळ्यांना मिळतात तेवढ्याच मिळाल्या. मात्र मागच्या रांगेत बसलेले त्याचे वडील, कामावरून तसेच आलेले, नाव पुकारल्यावर उठून उभे राहिले आणि मुलगा खाली उतरेपर्यंत उभेच होते.

वाचकहो, काम मातीतले असल्याने कमीपणा येत नाही. गावकीत कमीपणा होता तो सक्तीचा, फुकटाचा, जातीने नेमून दिल्याचा. ते आपण टाकले, ते बरोबरच केले. पण शिकून मिळवलेला हुन्नर त्याच गाठोड्यात बांधून फेकून द्यायचा का? त्याला नाव द्यावे, नावाप्रमाणे दाम मागावा, हातमोजे मागावेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कामगाराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद ठेवली गेली, तशा गोष्टींची चौकशी आपल्या मंडळांनी करावी. २०२४ साली सरकारने महालक्ष्मी रेसकोर्सची सुमारे १२० एकर जागा महापालिकेच्या सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय घेतला. उद्या तिथे हिरवळ होईल, आपली मुले तिच्यावर बसतील. ती राखणारे हात आपल्यातलेच असतील. त्यांच्या हजेरीपटावर काय लिहिले जाते, इकडे आतापासून लक्ष असू द्या.

आणि एक विनंती. आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या वडिलांना, आईला विचारा, तुम्ही नेमके काय काम करता? हात कसा चालतो? ते वहीत लिहून ठेवा. दुसरे कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलेच तर एका शब्दात लिहील.

आमचा १९९८ चा तो फॉर्म आता कुठल्या गोदामात असेल कोण जाणे. त्यावर दुरुस्ती करता येणार नाही. म्हणून ती येथे करतो. वडिलांचा व्यवसाय : १९८४ ते २००६, गोल्फच्या मैदानावर हिरवळ राखणे. कुशल.